टॉर्क कन्व्हर्टरची निवड (जुन्या अमेरिकी मसल कारसाठी)

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत क्लचच्या जागी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारा तेलाने भरलेला गोल डबा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून अमेरिकेत १९६४ पासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ज्या गाड्या विकल्या गेल्या, त्यांना मसल कार म्हणतात. अशी गाडी आज पुन्हा उभी करताना इंजिन, कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कार्ब्युरेटर यांवर महिनोन्‌महिने विचार होतो आणि कन्व्हर्टर मात्र शेवटी, कॅटलॉगमधला एक आकडा पाहून मागवला जातो. तो आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. बहुतेक चुका इथेच होतात, कारण हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो. इंजिन, गाडीचे वजन, मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला लागणारे फेरे) आणि गाडी कशासाठी वापरायची आहे, हे सगळे मिळून तो ठरतो.

आत काय घडते

समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. हे उदाहरण सगळीकडे दिले जाते, पण त्यातून अर्धीच गोष्ट कळते. डब्याच्या कवचालाच आतून जोडलेली पाती म्हणजे पंप. कवच इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटला (इंजिनाच्या मागच्या टोकावरच्या पातळ चकतीला) बोल्टने बांधलेले असल्यामुळे पंप इंजिनाच्याच वेगाने फिरतो आणि तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो. समोरचे टर्बाइन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर असते. तेलाचा मारा त्याला फिरवतो. इथवर दोन पंखेच झाले. खरी करामत मधल्या छोट्या चक्राची, म्हणजे स्टेटरची. टर्बाइनमधून परतणारे तेल पंपाच्या उलट दिशेने येत असते आणि तसेच गेले तर ते पंपालाच अडवील. स्टेटरची वाकवलेली पाती त्याची दिशा बदलून ते पंपाच्या बाजूने वळवतात. त्यामुळे गाडी जागची हलताना टर्बाइनला इंजिनापेक्षा जास्त, साधारण दोन ते अडीच पट टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो. टर्बाइनचा वेग पंपाच्या जवळ आला की ही वाढ संपते, आणि एकाच दिशेने अडणाऱ्या क्लचवर बसवलेला स्टेटर मोकळा होऊन बाकीच्यांबरोबर फिरू लागतो.

ही कल्पना मोटारीची नव्हतीच. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो, त्या दोघांची सांगड त्याला घालायची होती. जनरल मोटर्सच्या १९३९ च्या हायड्रामॅटिकमध्ये स्टेटर नसलेली साधी तेल-जोडणी होती. खरा टॉर्क कन्व्हर्टर ब्युइकच्या डायनाफ्लोतून १९४८ मध्ये सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. १९६४ च्या पाँटियाक जीटीओत ऑटोमॅटिक मागितला तर दोनच गिअरचा मिळे. १९६७ मध्ये तिला तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० मिळाला. क्रायस्लरकडे टॉर्कफ्लाइट ७२७ आणि फोर्डकडे १९६६ पासूनचा सी६, हे त्याच तोलामोलाचे गिअरबॉक्स. गिअर जितके कमी, तितका कन्व्हर्टरवरचा भार जास्त: टर्बो ४०० चा पहिला गिअर २.४८ चा आहे, म्हणजे तो टॉर्क २.४८ पट करतो, तर दोन गिअरच्या पॉवरग्लाइडचा १.७६ किंवा १.८२. उरलेली ओढ कन्व्हर्टरनेच पुरवायची.

स्टॉलचा आकडा

टर्बाइन घट्ट धरून ठेवले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून थांबते तो स्टॉल स्पीड. पंप जितका टॉर्क शोषून घेतो तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तोच कन्व्हर्टर जास्त ताकदीच्या इंजिनामागे जास्त आरपीएमवर स्टॉल होतो. समजा, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या इंजिनामागे एखादा कन्व्हर्टर २,४०० वर स्टॉल होतो. तोच ६०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे लावला तर तो २,९०० च्या पुढे जाईल. मित्राच्या ४५४ घनइंची इंजिनाच्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये उत्तम चाललेला कन्व्हर्टर काढून आपल्या ३५० च्या गाडीत घातला आणि ‘यात काही दम नाही’ असे वाटले, तर दोष कन्व्हर्टरचा नाही.

व्यासाचा परिणाम याहून मोठा. पातींची घडण तीच ठेवली तर टॉर्क शोषण्याची क्षमता व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. बारा इंचांवरून दहा इंचांवर आले की क्षमता चाळीस टक्क्यांवर येते. म्हणजे १,८०० ला स्टॉल होणारा कन्व्हर्टर २,८०० च्या आसपास जातो. जास्त स्टॉलचे कन्व्हर्टर आकाराने लहान असतात ते यामुळेच. प्रत्यक्षात बनवणारे पातींचे कोन आणि स्टेटर बदलून हा आकडा वरखाली करतात, त्यामुळे नुसता व्यास मोजून स्टॉल सांगता येत नाही.

कमी स्टॉल चांगला की जास्त, हा वाद कारखान्यांनाही सुटलेला नव्हता. १९६५ ते १९६७ या काळात ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकच्या टर्बो ४०० प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये स्टेटरच्या पातींचा कोन चालत्या गाडीत बदलण्याची सोय होती. जोरात निघायचे तेव्हा कन्व्हर्टर ढिला (जास्त स्टॉलचा), रस्त्यावर निवांत चालताना घट्ट (कमी स्टॉलचा). माझ्या मते त्या पिढीतला हा सर्वांत सुंदर उपाय होता, आणि खर्चिक म्हणून तो टिकला नाही याची हळहळ वाटते. एकच कोन घेऊन जगायचे असेल तर तडजोड करावीच लागते, आणि ती नीट करणे म्हणजेच निवड.

कॅम, एक्सल आणि वजन

पहिला प्रश्न कॅमशाफ्टचा. मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेते, पण खालची ओढ जाते. अशा इंजिनामागे मूळ कन्व्हर्टर ठेवला तर काय होते ते पहिल्या सिग्नललाच कळते. न्यूट्रलमध्ये इंजिन ९०० वर डुलत असते. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर ‘डी’मध्ये टाकताच घट्ट कन्व्हर्टर त्याचा गळा धरतो, काटा ६०० वर येतो, बॉनेट थरथरते आणि इंजिन बसते. मग मालक आयडल वाढवतो, गाडी ब्रेकला ढकलू लागते, आणि मोठ्या कॅममुळे व्हॅक्यूम आधीच कमी असल्याने व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेकही कडक लागतो. हे दुखणे कार्ब्युरेटरच्या स्क्रूने बरे होत नाही. कॅमची ताकद जिथून सुरू होते, निदान तिथपर्यंत इंजिनाला पटकन चढू देणारा स्टॉल हवा. ०.०५० इंच लिफ्टवर (म्हणजे कॅमची उचल ०.०५० इंचांहून जास्त असते तेवढे क्रँकशाफ्टचे अंश मोजून) २१५ अंशांपर्यंतच्या कॅमला मूळचा किंवा जरासा ढिला कन्व्हर्टर चालतो. २२० ते २३० अंशांना २,२०० ते २,८००. २४० च्या पुढे ३,००० आणि वर. हे ढोबळ आकडे आहेत. कॅम बनवणाऱ्याच्या कागदावर शिफारस छापलेली असते, आधी ती वाचावी.

दुसरा प्रश्न मागच्या एक्सलचा. २६ इंची टायर आणि ताशी ९७ किलोमीटर वेग धरला तर थेट टॉप गिअरमध्ये २.७३ च्या एक्सलवर गिअरबॉक्सचा शाफ्ट सुमारे २,१२० आरपीएमने फिरतो, ३.७३ वर सुमारे २,८९० ने. २.७३ च्या गाडीत ३,००० चा कन्व्हर्टर घातला तर हायवेवरही तो नीट जुळत नाही, तेल घुसळत राहतो. स्टॉलच्या खाली गाडी चालवली की तेल लगेच जळते असे मात्र नाही. स्टॉलचा आकडा पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरचा असतो. सपाट रस्त्यावर निवांत चालताना इंजिन फार कमी टॉर्क देते आणि चांगल्या घडणीचा कन्व्हर्टर त्या टॉर्कला खालच्या आरपीएमलाही बऱ्यापैकी जुळतो. फरक पडतो तो चढावर, आणि सैल बनावटीच्या स्वस्त मालात.

घसरणीची, म्हणजे पंप आणि टर्बाइनच्या वेगातल्या फरकाची, किंमत उष्णतेत मोजावी लागते. इंजिन १०० न्यूटन-मीटर देत आहे आणि पंप टर्बाइनपेक्षा ३०० आरपीएम पुढे आहे, एवढ्यातच तीन किलोवॉटहून अधिक ऊर्जा तेलात जाते. घरातला झटपट पाणी तापवणारा गीझर तेवढाच असतो. तो गिअरबॉक्सच्या पोटात तासभर चालू आहे असे डोळ्यांपुढे आणले, की वेगळा ऑइल कूलर का लावायचा हे निराळे सांगावे लागत नाही. स्टॉल वाढवला की कूलर घ्यावाच. यात काटकसर करू नये.

वजन जास्त असेल तर कन्व्हर्टर आपल्या स्टॉलपर्यंत चढतो. हलक्या गाडीत तो चढण्याआधीच गाडी निघून जाते. पावणेदोन टनांच्या शेव्हेलचे आणि हलक्या नोव्हाचे गणित म्हणून वेगळे.

जनरल मोटर्सचा चार गिअरचा ७००आर४ गिअरबॉक्स (१९८२ पासून) जुन्या गाडीत बसवणारे पुष्कळ आहेत आणि ते शहाणपणाचे आहे. त्याचा चौथा गिअर ०.७० चा असल्यामुळे ३.७३ च्या एक्सलवरही हायवेला सुमारे २,०२० आरपीएम पुरतात, आणि कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच पंप व टर्बाइन एकत्र जखडून घसरण शून्यावर आणतो. मात्र लॉक-अपची वायरिंग नीट केली पाहिजे. ती सोडून दिली तर ढिल्या कन्व्हर्टरसह चौथ्या गिअरमध्ये तेल तापतच राहते.

जुळणी आणि बसवणे

इंजिनाचा तोलही पाहावा लागतो. क्रायस्लरच्या ३६० घनइंची इंजिनाचा तोल बाहेरून साधलेला असतो आणि त्यासाठीचे वजनाचे तुकडे थेट कन्व्हर्टरवर वेल्ड केलेले असतात. तो कन्व्हर्टर ३१८ ला लावला तर गाडीभर थरथर येते. शेव्हरोलेच्या ४५४ मध्ये हे वजन फ्लेक्सप्लेटवर असते, त्यामुळे तिथे लक्ष फ्लेक्सप्लेटकडे द्यायचे.

बसवताना घाई केली तर नवा गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी जातो. कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओतावे. मग तो शाफ्टवर सरकवून हलक्या हाताने फिरवत आत ढकलावा. स्टेटरचा आधार, इनपुट शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या तेलपंपाचे दात असे एकेक जुळत जातात आणि प्रत्येक वेळी तो ‘टक्‌’ करून थोडा आत बसतो. शेवटचा टक्‌ झाला नसताना बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाचे) बोल्ट आवळून इंजिन आणि गिअरबॉक्स जवळ ओढले, तर हा तेलपंप फुटतो. खूण अशी: गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि त्याच्या व फ्लेक्सप्लेटच्या मध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट उरली पाहिजे. ती फट बोल्टने पुढे ओढून भरायची असते.

स्टॉल तपासायला ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देण्याची पद्धत सर्रास आहे, पण ताकदीच्या गाडीत मागची चाके आधीच सुटतात आणि आकडा खोटा येतो. पाच सेकंदांहून जास्त धरले तर तेलही भाजते. त्यापेक्षा मोकळ्या, रहदारीला बंद असलेल्या जागेत सावकाश चालत असताना एकदम पूर्ण दाबावे आणि काटा कुठे उडी मारून थांबतो ते पाहावे. रोजच्या घसरणीसाठी हायवेवर स्थिर वेग धरावा. टायर आणि एक्सलवरून २,८९० आरपीएम यायला हवेत आणि काटा ३,१०० दाखवत असेल, तर घसरण सात टक्क्यांच्या आसपास आहे. ढिल्या कन्व्हर्टरसाठी ती ठीक. काटा ३,४०० च्या पुढे असेल आणि डिपस्टिकवरचे तेल तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर तो कन्व्हर्टर या गाडीचा नव्हे.