कोल्हापूरचे विनोदी बोलपट

कोल्हापुरात, आणि कोल्हापुरात घडलेल्या मंडळींकडून इतरत्र, स्थूलमानाने १९३७ ते १९५२ या काळात निघालेले मराठी विनोदी बोलपट. कोल्हापूर म्हटले की भालजी पेंढारकरांचे ऐतिहासिक चित्रपट आठवतात. हे बोलपट त्यामागे झाकले गेले. ते आवर्जून शोधून पाहणारा प्रेक्षक मात्र टिकून आहे.

आरंभ सर्वसाधारणपणे ‘ब्रह्मचारी’पासून (१९३८) धरतात. नट बाबूराव पेंढारकर, दिग्दर्शक-नट मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये काढलेल्या हंस पिक्चर्सचा हा बोलपट. लेखन आचार्य अत्रे यांचे. निव्वळ सालाने पाहिले तर ‘धर्मवीर’ (१९३७) आधीचा. तोही अत्रे-विनायक यांचाच आणि दंभावर नेमका बोट ठेवणारा. परंतु त्याचा सांगाडा इब्सेनच्या नाटकाचा आहे. ‘ब्रह्मचारी’तला विनोद इथल्याच मातीतला, म्हणून आरंभाचा मान त्याला देणे अधिक सयुक्तिक वाटते. व्याख्यान ऐकून भारावलेला नायक औदुंबर आजन्म ब्रह्मचर्याचा निश्चय करतो आणि जमवलेली नट्यांची चित्रे फेकून देतो. पुढे किशोरी भेटते. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाचा गाजावाजा इतका झाला की संवादांची करामत झाकोळली.

खरी गोडी त्या संवादांतच आहे. रंगभूमीवर ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) आणि ‘लग्नाची बेडी’ (१९३६) गाजवून आलेल्या अत्र्यांना हशा नेमका कुठल्या शब्दावर पडतो हे पक्के ठाऊक होते. ही मराठी मात्र पांढरपेशी, पुणेरी वळणाची. पंचगंगेकाठची रांगडी बोली तिच्यात शोधू नये. ‘ब्रह्मचारी’ हिंदीतही निघाला. शब्दांच्या कोट्या भाषांतरात उतरत नाहीत, म्हणून मराठी प्रतच मोलाची.

‘लग्न पाहावे करून’मध्ये (१९४०) विनायकांनी चि. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. दामुअण्णा मालवणकर चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दूरदर्शनवरचे प्रभावळकर-कर्वे मनात ठसलेल्यांनी ही जोडी एकदा अवश्य पाहावी: दामुअण्णांची तिरपी नजरच अर्धे वाक्य बोलून जाते.

विनायक १९४७ मध्ये वारले. ‘ब्रह्मचारी’त किरकोळ भूमिका केलेले ग. दि. माडगूळकर पुढे ‘लाखाची गोष्ट’सारख्या (१९५२) पुण्याकडच्या विनोदी चित्रपटाचे लेखक झाले.

त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि साठवणीत कुजणारी. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भालजींचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओही जळाला.