मुंग्या चालतील, निळा पडदा नको

मराठवाड्यात ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना टीव्हीवरच्या 'मुंग्या' समजावून सांगाव्या लागत नाहीत. अंबाजोगाईच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे तोंड करून बांधलेला अँटेना वाऱ्यानं जरा फिरला, की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या. मग एकानं पत्र्यावर चढायचं, दुसऱ्यानं अंगणात थांबायचं, तिसऱ्यानं टीव्हीपुढून ओरडायचं. "आलं का?" "थोडं अजून!" "गेलं, गेलं, मागं घे!"

दूरदर्शननं आपले जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत मोजके सोडून बंद केले. तेच चित्र, मुंग्यांसकट, आज लातूर-बीडकडच्या माळांवर ड्रोन उडवणाऱ्या पोरांच्या गॉगलात चालू आहे. "मामा, स्वस्तातला गॉगल कोणता घेऊ?" असं भाच्यानं विचारलं, तेव्हा त्याला या जुन्या टीव्हीपासूनच सांगायला घेतलं. त्याला अर्थातच फक्त मॉडेलचं नाव हवं होतं.

ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहतो ते डोळ्यांपुढे आणून उडवणं म्हणजे एफपीव्ही, फर्स्ट पर्सन व्ह्यू. याची सुरुवात ड्रोनपासून झाली नाही. २००० च्या दशकात रिमोटवर विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांनी वायरलेस सीसीटीव्हीचे कॅमेरे आणि ट्रान्समीटर विमानाला बांधले. पाहायला कधी छोटा मॉनिटर, कधी सिनेमा बघायला बनवलेले 'व्हिडिओ चष्मे'. हे चष्मे महाग, चित्र टपाल तिकिटाएवढं, आणि उन्हात मॉनिटरवर तर काहीच दिसायचं नाही. मग लोक डोक्यावरून काळं कापड घ्यायचे, जत्रेतल्या जुन्या फोटोवाल्यासारखं.

त्या दशकाच्या अखेरीस फॅट शार्कसारख्या कंपन्यांनी खास याच कामासाठी गॉगल काढले. दोन डोळ्यांना दोन बारीक पडदे, आटोपशीर आकार. पुढे डॉमिनेटर मालिका आली आणि बरीच वर्षं 'गॉगल' म्हटलं की तोच. किंमत काहीशे डॉलर, रिसीव्हरचं मॉड्यूल अनेकदा वेगळं विकत. आपल्याकडे ही रक्कम ऐकून मुलं गप्प बसायची.

स्वस्ताईचा रस्ता मोबाइलनं उघडला. मोबाइल आणि गाड्यांच्या रिव्हर्स कॅमेऱ्यांमुळे पाच इंची एलसीडी पडदे कवडीमोल झाले. त्याच सुमारास, २०१२ साली, आभासी दुनिया दाखवणाऱ्या ऑक्युलस रिफ्ट गॉगलनं लोकांकडून पैसे उभे केले आणि २०१४ मध्ये गूगलनं पुठ्ठ्याचं कार्डबोर्ड आणलं. एक पडदा, समोर भिंगं, भोवती खोकं: एवढ्यावर डोळ्यांना फसवता येतं हे सगळ्यांना कळलं. एफपीव्हीवाल्यांनी फोमचं खोकं घेतलं, आत छोटा मॉनिटर आणि पुस्तक मोठं दिसण्यासाठी मिळते तसली चपटी फ्रेनेल भिंग बसवली. झाला गॉगल. चेहऱ्यावर पेटी बांधल्यासारखा दिसायचा, पण चालायचा.

पण त्यात एक खोट होती. गाडीसाठी बनवलेल्या पडद्याला सिग्नल कमकुवत वाटला, की तो सगळं चित्र पुसून निळा व्हायचा. गाडी मागे घेताना हे ठीक. गाडी उभी करता येते. हवेत ताशी ऐंशीनं जाणाऱ्या ड्रोनसाठी निळा पडदा म्हणजे आंधळेपणा. मुंग्यांमधून निदान क्षितिज कळतं, झाडाची सावली कळते, मागे वळायला दोन सेकंद मिळतात. भाचा परवा म्हणाला, "मुंग्या आल्या म्हणून वळवलं, नाहीतर गेलं होतं तुरीत." आमच्या पिढीला ज्या मुंग्यांचा राग यायचा, त्यांनीच त्याचा ड्रोन वाचवला.

हे ॲनालॉग चित्र अजून टिकून आहे, याला कारण आहे. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीचं: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्र दोन भागांत. रेषा तयार झाली की निघाली. पूर्ण चित्राची वाट पाहायची नाही, डिजिटलसारखं चित्र दाबून लहान करायचं नाही, पुन्हा उलगडायचं नाही. म्हणून उशीर फार थोडा. ताशी १०० किलोमीटरनं जाणारा ड्रोन सेकंदाला सुमारे २८ मीटर जातो. चित्र ३० मिलिसेकंद उशिरा आलं, तर ड्रोन आपल्याला दिसतो त्याच्या ८३ सेंटिमीटर पुढे असतो. १०० मिलिसेकंद झाले, की जवळजवळ पावणेतीन मीटर. मोबाइलच्या चार्जिंगच्या खोबणीत ओटीजी वायरनं रिसीव्हर जोडून फुकटात गॉगल करण्याची टूम मध्यंतरी आली होती, ती इथेच अडली. बघायला ठीक, उडवायला नाही.

२०१६ साली दुबईतल्या ड्रोन शर्यतीत १५ वर्षांच्या एका ब्रिटिश मुलाच्या संघानं अडीच लाख डॉलर जिंकले, आणि जगभरच्या पोरांना हे खूळ लागलं. ईशाइन कंपनीचे खोक्याचे गॉगल, ईव्ही८०० आणि मागोमाग ईव्ही८००डी, त्याच लाटेवर आले. पाच इंची पडदा, ८०० बाय ४८० ठिपके, ४० चॅनल, आणि 'डी' मध्ये रेकॉर्डिंगसाठी डीव्हीआर व दोन अँटेनांची डायव्हर्सिटी. डायव्हर्सिटी म्हणजे आपला पत्र्यावरचा माणूसच. दोन रिसीव्हर सतत सिग्नल तपासतात आणि ज्याचं चित्र बरं, ते दाखवतात. शंभर डॉलरच्या आत हे मिळू लागलं. शिवाय चष्मेवाल्यांना खोक्याच्या गॉगलात चष्म्यासकट मावता येतं. बारीक गॉगलांत ती सोय नसायची.

आपल्याकडची गोष्ट मात्र आडवळणाची. ही हौस जगात पसरत होती, तेव्हाच, ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) खासगी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली. डिसेंबर २०१८ पासून नियम आले, ते किचकट. खरी मोकळीक २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी दिली: २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न मागता उडवायच्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पण चिकलठाण्यासारख्या विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. मग ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी तयार ड्रोनची आयात बंद झाली, सुटे भाग मोकळे राहिले. परिणाम असा, की तयार खेळणं विकत घेण्याऐवजी पोरं सोल्डरिंग शिकली. उदगीरचा असो की जालन्याचा, ज्याला उडवायचं त्याला आधी मोटरच्या तारा जोडता यायला लागल्या. वाईटात चांगलं झालं, असं मला वाटतं.

डिजिटलचं पर्व २०१९ च्या जुलैत डीजेआय कंपनीच्या गॉगलनं सुरू झालं. चित्र काचेसारखं, उशीर २८ मिलिसेकंदांच्या आसपास असल्याचा दावा. नंतर एचडीझीरो आणि वॉकस्नेल हे डिजिटल स्पर्धक आले. २०२४ च्या अखेरीस डीजेआयनं एन३ काढला तो पुन्हा खोक्याचाच: एक पडदा, आत चष्मा मावेल एवढी जागा, किंमत २२९ डॉलर. फोमच्या पेटीला हसणाऱ्यांनी हे बघावं. अडचण एवढीच, की एका कंपनीचं डिजिटल चित्र दुसरीच्या गॉगलात दिसत नाही. गॉगल स्वस्त पडला तरी ड्रोनवरचं युनिट त्याच घरचं घ्यावं लागतं, आणि ड्रोन आदळला की भुर्दंड तिथेच बसतो. ॲनालॉगमध्ये कुणाचाही ट्रान्समीटर, कुणाचाही गॉगल. माळावर एकजण उडवतो आणि त्याच चॅनलवर जुने गॉगल लावून बाकीचे तिघं बघत बसतात, गल्लीतल्या एकुलत्या एक टीव्हीसारखे.

चॅनलवरून आठवलं. शर्यतींसाठी ठरलेल्या रेसबँडचे आठ चॅनल ५६५८ ते ५९१७ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. भारतात २०१८ मध्ये परवान्याविना खुला केलेला पट्टा ५८७५ ला संपतो, म्हणजे सातवा (५८८०) आणि आठवा चॅनल बाहेर पडतात. गॉगलच्या खोक्यावर '४० चॅनल' लिहिलेलं असलं तरी सगळे आपले नव्हेत. आणि ५.८ गिगाहर्ट्झला ओल्या पानांचं वावडं. उसाच्या फडामागे ड्रोन गेला की महागातला गॉगलही मान टाकतो. सोबत उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडे बघणारा एकजण हवाच.

भाच्याला शेवटी सेकंडहँड खोक्याचा गॉगल मिळाला, औशाच्या एका पोराकडून. घेण्याआधी एवढंच करायला सांगितलं होतं: ड्रोन बंद ठेव, नुसता गॉगल चालू कर आणि आत बघ. त्यानं फोन लावला, "मामा, मुंग्याच मुंग्या."

"घे," म्हटलं.