वार, विषाणू आणि गर्भवतीची रक्तचाचणी

आज बांबोळीला असलेल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते. पुढच्याच वर्षी लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी झटके येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडत असल्याचे नोंदवले. लघवी नळीत तापवायची आणि ती गढुळते का ते पाहायचे, अशी त्या काळची परीक्षा होती. १८९६ मध्ये रिवा-रोची यांचे रक्तदाबमापक आले आणि प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिन उतरण्याचा आजार, ओळखण्याची दोन्ही साधने हाती आली. गोव्यातील आरोग्य केंद्रांतही गर्भवतीच्या तपासणीत दंडाला पट्टा बांधून दाब मोजणे आणि लघवी तपासणे आजही चुकत नाही. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० किंवा त्याहून वर राहू लागला की डॉक्टर सावध होतात. पण तोवर आजाराने मूळ धरलेले असते. प्रसूतीनंतर, वार (गर्भाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) पडल्यावर, तो बहुधा ओसरतो, त्यामुळे संशय फार पूर्वीपासून वारेवरच होता.

त्या वारेचा इतिहास विलक्षण आहे. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वारेत रेट्रोव्हायरससारखे (आपली जनुके यजमान पेशीच्या जनुकांत मिसळणाऱ्या विषाणूंसारखे) कण दिसले, परंतु त्यांचा अर्थ लागायला २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी असे दाखवण्यात आले की वारेतील पेशींना एकमेकींत विलीन करून आईचे रक्त आणि गर्भ यांच्यामधला सलग थर घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका विषाणूच्या आवरणाचे आहे. विषाणू ज्या कौशल्याने पेशीत शिरत असे, तेच कौशल्य सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या वानर पूर्वजांच्या जनुकांत कायमचे वस्तीला आले. उंदरांमध्ये हे काम वेगळ्याच विषाणूंकडून आलेली प्रथिने करतात, म्हणजे उत्क्रांतीने ही उसनवारी एकापेक्षा अधिक वेळा केली आहे. २०२० च्या अखेरीस कोविड लशीमुळे वंध्यत्व येते अशी जी आवई उठली, ती याच सिन्सिटिनच्या नावाने. वास्तविक कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाशी त्याचे साम्य नगण्य आहे.

प्रीएक्लॅम्प्सियाच्या वारेत सिन्सिटिन कमी आढळते, हे २००१ पासूनच्या अभ्यासांत दिसले. तरीही रुग्णालयात चाचणी म्हणून ते रुळले नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण ते कमी असणे हे आजाराचे कारण की परिणाम, याचा निवाडा सोपा नाही. चाचणी मिळाली ती त्याच थरातून रक्तात सुटणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनामुळे. बॉस्टनमधील अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की एसफ्लट-१ हे प्रथिन रक्तवाहिन्यांना जपणाऱ्या पीएलजीएफसारख्या घटकांना रक्तातच अडकवून ठेवते, आणि ते गाभण उंदरिणींना टोचले तर रक्तदाब वाढून लघवीत प्रथिन उतरते. पुढे एसफ्लट-१ चे पीएलजीएफशी असलेले गुणोत्तर मोजले जाऊ लागले. २०१६ मधील एका मोठ्या अभ्यासानुसार, आजाराचा संशय असलेल्या स्त्रीत ते ३८ किंवा त्याखाली असेल, तर पुढचा आठवडाभर आजार उद्भवण्याची शक्यता फारच थोडी असते. त्याहून वर गेले तर मात्र आजार होईलच असे नाही, फक्त लक्ष अधिक ठेवावे लागते.