तेलाच्या जुन्या टाक्या काढणे (खानदेश)

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, फर्नेस ऑइल किंवा खाद्यतेल साठवण्यासाठी बसवलेली आणि आता वापरात नसलेली टाकी उपसणे, तिच्यातील वाफ घालवणे, तळाचा गाळ काढणे आणि शेवटी ती उचलून जागा मोकळी करणे, या सगळ्या कामाला मिळून टाकी काढणे म्हणतात. भंगाराच्या धंद्यात याला नुसते ‘टाकी उचलणे’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. उचलणे हा कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग आहे; माणसे दगावतात ती त्याआधी.

अमेरिकेच्या थंड भागात हा विषय घरमालकाचा असतो. तिथे घर उबदार ठेवण्यासाठी तळघरात किंवा अंगणाखाली साधारण हजार लिटरची तेलटाकी असते आणि घर विकताना ती बऱ्याचदा काढावी लागते. खानदेशात घर तापवायला तेल लागत नाही. इथे घर थंड कसे ठेवायचे हाच प्रश्न असतो. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जुनी टाकी सापडते ती वेगळ्या ठिकाणी: महामार्गावरच्या पेट्रोलपंपाच्या फरशीखाली, जिनिंगच्या आवारात जनरेटरच्या मागे, तेलगिरणीच्या शेडमध्ये, बॉयलर असलेल्या कारखान्यात. घरगुती म्हणावी अशी साठवण म्हणजे मळ्यातल्या ऑइल इंजिनासाठी ठेवलेली डिझेलची पिंपे आणि रेशन दुकानातला रॉकेलचा जुना ड्रम. आकार लहान असला तरी धोका त्याच जातीचा.

‘खाली’ टाकी

‘टाकी खाली शे, काय व्हई?’ (टाकी रिकामी आहे, काय होणार?) हा प्रश्न खानदेशच्या अहिराणी बोलीत जितक्या सहज विचारला जातो, तितकाच तो चुकीचा आहे. भरलेल्या टाकीत तेलाच्या वर हवेला फारशी जागा नसते. उपसलेल्या टाकीत तळाशी थोडे तेल, भिंतींना चिकटलेला थर आणि वर भरपूर हवा असते. स्फोटाला हेच मिश्रण लागते. तेल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के आहे.

हिशेब करून पाहिला की अंगावर काटा येतो. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये १.४ टक्के म्हणजे २.८ लिटर वाफ. एक लिटर पेट्रोलची ढोबळमानाने १९० लिटर वाफ होते. म्हणजे ड्रम स्फोटक व्हायला सुमारे १५ मिलिलिटर, चहाचे तीन चमचे पेट्रोल पुरते. पंपाच्या वीस हजार लिटरच्या टाकीला याच हिशेबाने दीड लिटर लागेल, आणि तेवढे तर गंजाच्या पापुद्र्यांतच मुरलेले असते. म्हणून ‘दोन दिवस झाकण उघडे ठेवले होते’ याला काही अर्थ नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती तोंडातून वर येत नाही, तळाशी बसून राहते. बाहेर पडलीच तर जमिनीलगत सरपटत नालीत किंवा शेजारच्या खड्ड्यात साचते.

डिझेल आणि खानदेशचा मे महिना

डिझेलला लोक घाबरत नाहीत. त्यात काडी टाकली तरी विझते, असे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो, आणि पौष महिन्यात तो बहुधा खराही ठरतो. पण कोणत्या तापमानाला वाफ पेट घेण्याइतकी साचते, म्हणजेच त्या तेलाचा प्रज्वलनांक किती, हा खरा प्रश्न आहे. पेट्रोलचा तो शून्याखाली सुमारे ४३ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे पेट्रोल कुठल्याही ऋतूत सारखेच धोकादायक. डिझेल आणि रॉकेलसाठी भारतीय मानकात किमान ३५ अंशांची अट आहे. प्रत्यक्षात पुष्कळ माल याहून वरचा असतो, पण हमी एवढीच.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी टाकीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, इतका की त्यावर हात ठेववत नाही. अशा टाकीतले उरलेसुरले डिझेल आपला प्रज्वलनांक कधीच ओलांडून बसलेले असू शकते. ज्या कामाला थंड हवेच्या गावात डिझेलचे म्हणून थोडी सैल शिस्त चालून जाते, त्याला खानदेशच्या उन्हाळ्यात पेट्रोलचीच शिस्त लावावी लागते.

मग काम करावे कधी? पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते. उन्हाळ्यात भूजल खाली गेलेले असते, खोदकाम सोपे होते, पण वाफ सर्वांत जास्त. दोन्हींचा मेळ बसतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. हरभरा घरात येऊ लागतो त्या सुमाराचे दिवस धरावेत.

कामाचा क्रम

आधी टाकीचा इतिहास विचारावा लागतो: आत काय होते, शेवटचे कधी भरले, मध्ये दुसरे काही भरले होते का. पंपाची टाकी फार जुनी असेल तर शिशाचीही चौकशी करावी. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २००० पासून बंद झाली; त्याआधी वापरात असलेल्या टाकीच्या गाळात ते विषारी संयुग असू शकते आणि ते कातडीतूनही शरीरात जाते.

उरलेले तेल हातपंपाने किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या पंपाने उपसतात. इथे घरोघरी असणारा टिल्लू पंप या कामाला कधीही लावू नये, त्याच्या मोटरीतली ठिणगी पुरेशी असते. टाकी, पंप आणि तेल घेणारा टँकर तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून जमिनीत अर्थिंग करतात, कारण वाहते तेल स्वतःच स्थिर वीज तयार करते. मॅनहोलचे बोल्ट गंजलेले असणार हे धरूनच चालावे. ते ग्राइंडरने उडवण्याचा मोह टाळून पाना, गंज सोडवणारे तेल आणि ठिणगी न पाडणारी ब्राँझची अवजारे वापरायची. वेळ जातो, जाऊ द्यावा.

यानंतर वाफ घालवायची. एक पद्धत टाकी पाण्याने काठोकाठ भरून वाफ बाहेर ढकलण्याची; पण ते पाणी मग तेलकट सांडपाणी होते आणि त्याचीही विल्हेवाट लावावी लागते. दुसरी, तळापर्यंत नळी सोडून हवा खेळवण्याची. बाहेर पडणारी वाफ उंच पाइपातून वर सोडतात. तिसरी, नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरून आतला प्राणवायू कमी करण्याची. कोरड्या बर्फाचे प्रचलित प्रमाण दर हजार लिटर क्षमतेला सुमारे १.८ किलो आहे. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक मात्र टाकीत फवारू नये, त्या फवाऱ्याने स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि नायट्रोजन भरलेली टाकी आगीपासून सुरक्षित झाली तरी माणसासाठी ती विहिरीपेक्षा वाईट असते: दोन श्वासांत शुद्ध हरपते.

मोजणी मीटरनेच करायची. खानदेशात विहिरीत उतरण्यापूर्वी दोरीला कंदील बांधून खाली सोडायची जुनी रीत आहे. कंदील विझला की खाली हवा नाही असे समजायचे. विहिरीपुरती ती शहाणपणाची होती. तीच सवय तेलाच्या टाकीवर आली की कंदील हाच स्फोट होतो. तोंडाशी पेटता बोळा धरून ‘वाफ आहे का’ पाहणारेही असतात. त्यांना उत्तर मिळते, पण ते ऐकायला ते असतीलच असे नाही.

मीटरमध्येही एक गोम आहे. आधी प्राणवायू मोजायचा, मग ज्वलनशील वाफ. वाफ मोजणारे बरेचसे मीटर आतल्या आत ती वाफ जाळून मोजतात. प्राणवायूच नसेल तर जळत नाही, आणि काटा शून्यावर राहून खोटा दिलासा देतो. मोजमाप वर, मध्ये आणि तळाशी असे तिन्ही ठिकाणी घेतात. स्वच्छ हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर आत उतरत नाहीत. वाफ पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरीही नाही.

गाळ शक्यतो बाहेरूनच, लांब दांड्याने किंवा पंपाने काढावा. आत उतरणे अटळच असेल तर पट्टा, दोर, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि तोंडाशी दोर धरून बसलेला माणूस हवा. त्या माणसाचे काम दुसऱ्याला वाचवायला आत उडी मारणे हे नाही. भाऊ किंवा चुलता आत कोसळलेला दिसत असताना हे पाळणे फार अवघड, आणि म्हणूनच अशा अपघातांत एकामागून एक माणसे जातात.

तेलगिरणीच्या टाक्या

खाद्यतेल हा खानदेशचा जुना धंदा. शेंगदाणा आणि सरकी दोन्ही इथलीच. विप्रो ही आज संगणक क्षेत्रातली कंपनी अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तूप करण्यासाठीच सुरू झाली होती. खाण्याचे तेल म्हटल्यावर त्याच्या टाकीची कोणालाच धास्ती वाटत नाही. तळाची गाद मात्र पाणी मिळाले की कुजते, प्राणवायू खाते, आणि तिच्यातून हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. सुरुवातीला त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास ‘गेला’ असे वाटते. बंद टाकीतला नुसता गंजसुद्धा प्राणवायू ओढून घेतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या काकीनाडा जिल्ह्यात पेद्दापुरमजवळच्या एका खाद्यतेल कारखान्यात टाकी साफ करायला उतरलेले सात कामगार गुदमरून मेले. आग नव्हती, स्फोट नव्हता.

सरकीच्या पेंडीतले उरलेले तेल हेक्झेन या द्रावकाने काढणाऱ्या कारखान्यांची गोष्ट आणखी निराळी. तिथे टाकी तेलाची म्हटली तरी वागणूक पेट्रोलची ठेवावी लागते. हेक्झेनचा प्रज्वलनांकही शून्याच्या वीसेक अंश खाली आहे.

जमीन आणि पाणी

जमिनीखालची टाकी खोदून काढताना खानदेशची काळी माती आपले गुण दाखवते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या हालचालीने पाइपांचे सांधे निखळतात, आणि गळालेले तेल व वाफ भेगांतून दूरवर जाते. खाली काळा पाषाण असेल तर त्याच्या चिरांतून वाट सापडते. यावल-रावेरकडे तापीचा खोल गाळ आहे, तिथे वाळूच्या थरांतून. तेल पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे भूजलावर तरंगते. शेजारच्या विहिरीवर इंद्रधनुषी तवंग दिसणे किंवा मोटरीच्या पहिल्या पाण्याला घासलेटाचा वास येणे ही बहुतेक वेळा पहिली खबर असते. टाकी निघाल्यावर खड्ड्याच्या तळाची आणि बाजूंची माती तपासून, दूषित माती वेगळी काढल्याशिवाय खड्डा बुजवू नये.

उपसून तशीच सोडलेली टाकी पावसाळ्यात वर येऊ शकते, हे ऐकून लोक हसतात. वीस हजार लिटरची टाकी पाण्यात बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर वीस टनांचा असतो. सहा मिलिमीटर पत्र्याच्या अशा टाकीचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. वरची माती आणि फरशी कमी पडली की टाकी फरशी उचकटून डोके काढते. इमारतीखाली अडकलेली टाकी काढणे शक्यच नसेल, तर साफ करून आणि वाफमुक्त झाल्याची खात्री करून ती वाळूने किंवा पातळ काँक्रीटने ठासून भरतात.

कायदा

पेट्रोलियम अधिनियम १९३४ आणि पेट्रोलियम नियम २००२ हे मुख्य कायदे. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपूरला आहे. पंपवाल्यांच्या तोंडी अजून ‘एक्स्प्लोझिव्हचे लायसन’ हाच शब्द आहे. डिझेल आणि रॉकेल ‘ब’ वर्गात येतात: एका जागी २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतेही भांडे हजार लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवाना लागत नाही. त्यामुळे मळ्यातली पिंपे आणि जनरेटरच्या लहान टाक्या कोणाच्याच नोंदीत नसतात, आणि त्या काढताना विचारणाराही कोणी नसतो. परवान्याच्या टाकीवर वेल्डिंग किंवा गॅसकटर चालवण्यापूर्वी ती वाफमुक्त असल्याचा सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला लागतो. कारखान्यांच्या आवारासाठी हीच अट कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ व ३७ मध्ये होती; तो अधिनियम नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने रद्द झाला. आत न्यायचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नसावा हेही त्याच अधिनियमातले होते. खनिज तेलाच्या टाकीतला गाळ घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो. तो उकिरड्यावर, नाल्यात किंवा वीटभट्टीवर न टाकता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या ठिकाणीच पाठवायचा असतो.

पिंपांचा पुनर्वापर

मोठ्या टाकीला निदान कागदपत्र असते. पिंप मात्र बाजारात विकत मिळते, आणि पाणीटंचाईच्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला भाव येतो. वरचे झाकण छिन्नीने किंवा गॅसकटरने कापून त्यात वापरायचे पाणी, जीवामृत, गुरांची पेंड, काही घरांत तर धान्यही ठेवतात. कापणारा सहसा तोंडाशी वाकलेला असतो, त्यामुळे उडालेले झाकण छातीवर किंवा चेहऱ्यावर येते. कापायचेच असेल तर पिंप आधी निरम्याच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन, मग पाण्याने जवळजवळ भरून, कापायच्या रेषेच्या जेमतेम खाली पाणी ठेवून हाताच्या छिन्नीनेच कापावे. गॅसकटर तरीही नको. कीटकनाशकाचे पिंप असेल तर धुण्याच्या भानगडीतही पडू नये. आणि डिझेलचे पिंप कितीही घासले तरी त्यातले पाणी पिण्याचे होत नाही. कडेच्या दुमडीत शिरलेले तेल पुढचे कित्येक महिने, पाणी तापले की, वर तवंग धरत राहते.