एक दार, आठ अमायनो आम्लं

‘प्रथिनाचाच तर तुकडा, त्याने काय अपाय होणार?’ अमायनो आम्लांच्या पावडरींबद्दल हे सर्रास ऐकू येतं. जेवणातल्या प्रथिनात ही आम्लं साखळीने जोडलेली असतात. साखळी तुटायला काही तास लागतात आणि बहुतेक सगळी आम्लं मिळून सावकाश रक्तात उतरतात. डब्यातलं आम्ल आधीच सुटं असतं, त्यात पचवायचं काही उरलेलं नसतं. त्यामुळे रक्तातली त्याची पातळी झपाट्याने चढते, आणि तीही त्या एकट्याचीच. बहुतेक दुष्परिणामांचं मूळ या ‘एकट्याची’मध्ये आहे.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की अमायनो आम्लाला मधून शिरता येत नाही. आत जायचं तर वाहक प्रथिनाच्या दारातूनच. ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन, फेनिलअ‍ॅलनीन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनीन आणि हिस्टिडीन या आठांचं मुख्य दार एकच, त्याचं नाव एलएटी-१. गंमत अशी की रक्तातल्या नेहमीच्या पातळीलाही हे दार जवळजवळ भरलेलंच असतं. म्हणजे मेंदूत ट्रिप्टोफॅन किती पोचेल हे नुसत्या त्याच्या पातळीवर ठरत नाही, बाकीच्या सातांच्या तुलनेत ते किती आहे यावर ठरतं. पहिल्या तिघांचं मिश्रण म्हणजे जिममधलं लाडकं बीसीएए. त्याचे 10 ग्रॅम घेतले की रक्तातलं ट्रिप्टोफॅन तेवढंच राहिलं तरी आत कमी जातं. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन बनतं. ते कमी झालं की थकवा उशिरा जाणवेल, असा जाहिरातींचा तर्क. पण त्याच दारात टायरोसीनही अडतं आणि उत्साह टिकवणाऱ्या डोपामिन या संदेशवाहकाचा कच्चा माल तोच आहे, हे जाहिरात सोयीस्करपणे गाळते. प्रयोगांतही हा फायदा सातत्याने दिसलेला नाही.

पार्किन्सनच्या रुग्णाला याचा फटका थेट बसतो. लेवोडोपा हे औषध याच दाराने मेंदूत जातं. गोळीबरोबर बीसीएए पोटात गेलं तर डोस तोच असूनही परिणाम घटतो, थरथर आणि ताठरपणा पुन्हा डोकं वर काढतात.

अमायनो आम्ल मोडताना अमोनिया सुटतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. तरुण, निरोगी पुरुषांमध्ये ल्यूसीन दिवसाला दर किलो वजनामागे 500 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तेव्हा रक्तातला अमोनिया वाढला. 70 किलोच्या माणसाला हे 35 ग्रॅम पडतात, एका स्कूपपेक्षा कितीतरी जास्त. यकृत किंवा मूत्रपिंड आजारी असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही.

आर्जिनीन एका वेळी 9 ग्रॅमच्या वर गेलं की अनेकांना मळमळ आणि जुलाब होतात, कारण न शोषलेला भाग आतड्यात पाणी ओढतो. आर्जिनीनपासून बनणारा नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो. हृदयविकारामुळे छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी चालू असेल तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. ‘हृदयासाठी उत्तम’ म्हणून ते विकणाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी जरूर वाचावी. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 153 रुग्णांवरची ही चाचणी. आर्जिनीन घेणाऱ्या गटात 6 मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. नवे रुग्ण घेणं तिथेच थांबवलं गेलं.

नैराश्यावरची सेरोटोनिन वाढवणारी औषधं घेणाऱ्याने ट्रिप्टोफॅन स्वतःच्या मनाने सुरू करू नये. घाम, थरथर, धडधड, ताप अशी लक्षणं दिसली तर तातडीने रुग्णालय गाठावं. 1989 साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांमुळे दीड हजारांवर लोकांना स्नायूंच्या असह्य वेदना झाल्या, काही दगावले. माग एका उत्पादकाच्या मालापर्यंत गेला. त्यात अशुद्ध घटक सापडले, आणि शुद्धीकरणातला सक्रिय कोळसाही त्याच सुमारास कमी केलेला होता.

बीटा-अ‍ॅलनीनने चेहऱ्याला, हातांना मुंग्या येतात त्या मात्र निरुपद्रवी. एका वेळचा डोस 800 मिलिग्रॅमच्या आत ठेवला की त्या सहसा येत नाहीत. अडचण इतकीच, की डब्यावर ‘खास मिश्रण’ म्हणून एकच एकूण वजन छापलेलं असेल तर हा हिशेब करताच येत नाही.