बॅगपाइपची मापं हौशी कारागिरांपर्यंत कशी पोचली

लष्करी बँडमुळे बॅगपाइपचा आवाज नागपूरकरांच्या ओळखीचा आहे. पण घरच्या लेथवर तो कातायला बसलं, की अडचण लाकडाची नसते. शिसम इथं मिळतं. घोडं अडतं ते मापांपाशी.

जुन्या कारागिराचं माप कागदावर नव्हे, त्याच्या हत्यारांत असे. तो गेला, हत्यारं पांगली, की मागे फक्त वाद्यं उरत. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाच्या छोट्या पाइपला भोकं उघडायच्या चाव्यांची जोड देऊन रॉबर्ट रीड (१७८४–१८३७) यांनी तो नावारूपाला आणला. त्याचे मापांसकट आराखडे हौशी माणसाच्या हाती आले ते १९६७ साली, विल्यम कॉक्स आणि जे. एफ. ब्रायन यांच्या पुस्तकातून. कॉक्स पेशाने घड्याळजी. बारीक मोजमापात मुरलेल्या माणसाने हे काम हाती घेतलं, हे या वाद्याचं भाग्यच. त्यांचा संग्रह आज इंग्लंडमधल्या मॉर्पेथच्या बॅगपाइप संग्रहालयात आहे.

छापील आकडा मात्र जसाच्या तसा धरू नये. लाकूड त्यातल्या वाढीच्या वर्तुळाकार रेषांच्या दिशेने जास्त आटतं, त्यामुळे शंभर-दोनशे वर्षांत गोल पोकळी लंबगोल होते. म्हणून जाणकार एकाच खोलीवर दोन व्यास घेतात. त्यातला मोठा मूळ मापाच्या अधिक जवळचा.

छोट्या पाइपच्या चँटरची, म्हणजे बोटांनी सूर वाजवायच्या नळीची, पोकळी सरळ, साधारण ०.१७० इंच, म्हणजे ४.३ मिमी. एवढ्या बारीक, लांब भोकात ड्रिल हमखास भरकटतं. म्हणून आधी भोक पाडायचं आणि मग त्याच भोकाचं केंद्र धरून बाहेरून कातायचं. उलट केलं तर भिंत एका बाजूला पातळ होते. नागपुरात पावसाळ्यात पाडलेलं भोक मे महिन्यात तेवढंच राहत नाही, तेव्हा ते आधी थोडं कमी ठेवावं आणि लाकूड काही महिने मुरल्यावर शेवटचा रीमर (भोक आतून रुंदावणारं हत्यार) फिरवावा. आराखड्याची प्रिंट काढली, की त्यावरची मापपट्टी स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. 'पानात बसवा' या पर्यायाने सगळी भोकं सरकतात.

आणि रीडचं, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणाऱ्या पातीचं, माप नसेल तर चँटरचा आराखडा अर्धाच. रीड आत सरकवली, की वरचे सूर खालच्यांपेक्षा जास्त चढतात, कारण तिथं नळीची वाजती लांबी मुळातच कमी असते. सूर चुकला तर आधी रीड सरकवून पाहा, भोकं कोरायला नंतर घ्या.