कोडमधला आकडा आणि त्याचे कारण

प्रोग्राम वाचताना एखाद्या ओळीत ८६४०० ही संख्या नुसतीच लिहिलेली आढळली, तर सरावलेला प्रोग्रामर ती लगेच ओळखतो, कारण २४ ला ३६०० ने गुणले की तीच येते आणि ती एका दिवसातील सेकंदांची संख्या आहे. त्याच जागी ७३०० लिहिलेले असेल, तर मात्र तो अडतो. ही कसली मर्यादा आहे, ती कोणी मोजून काढली, की अंदाजाने ठेवली आणि काम भागले म्हणून तशीच राहिली, यांतले काहीच त्या चार अंकांवरून कळत नाही. संगणकाला त्याने काही बिघडत नाही. अडचण होते ती पुढे तो कोड दुरुस्त करणाऱ्या माणसाची. जिच्यावर प्रोग्रामचे वागणे ठरते, पण जिचे कारण प्रोग्राममध्ये कुठेच दिलेले नसते, अशा संख्येला प्रोग्रामर ‘मॅजिक नंबर’ म्हणतात आणि बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरातच म्हणतात.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे संख्येला नाव देणे, ती एकाच जागी लिहिणे आणि पुढे सर्वत्र नावानेच वापरणे. याचा खरा फायदा बदल करताना कळतो. समजा, एका प्रोग्राममध्ये ६० ही संख्या वीस ठिकाणी आहे. काही ठिकाणी ती मिनिटातील सेकंद दाखवते, काही ठिकाणी तासातील मिनिटे, आणि दोन ठिकाणी उत्तराची वाट किती सेकंद पाहायची ते ठरवते. आता वाट पाहण्याची मुदत ९० सेकंद करायची असेल, तर सगळीकडचे ६० बदलून चालत नाही आणि नेमके कोणते दोन बदलायचे हे आकड्यांवरून समजत नाही. मात्र ६० ला ‘साठ’ असे नाव देण्यात काहीच हशील नाही. नावाने किंमत नव्हे, तर हेतू सांगायला हवा.

याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांचा दुसरा एक प्रकार तक्रारीचा नाही. अनेक प्रकारच्या फाइलींच्या अगदी सुरुवातीला काही ठरावीक बाइट असतात आणि ती फाइल कोणत्या जातीची आहे हे त्यांवरून ओळखता येते. चित्राच्या फाइलीचे नाव बदलून शेवटी चुकीचे एक्स्टेन्शन लावले, तरी अनेक प्रोग्राम ती बरोबर उघडतात, कारण ते नावापेक्षा या पहिल्या बाइटांवर विश्वास ठेवतात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली ‘फाइल’ नावाची आज्ञा तर अशा खुणांच्या मोठ्या तक्त्यावरच चालते. पीडीपी-११ या संगणकावरच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये चालवण्याजोग्या प्रोग्रामच्या आरंभी ४०७ ही अष्टमान पद्धतीतील संख्या असे. ती मुळात नुसती खूण नव्हती, तर ‘पुढची माहितीची नोंद ओलांडून प्रत्यक्ष कोडवर उडी मार’ असे प्रोसेसरला सांगणारी खरी आज्ञा होती. पुढे त्या उडीची गरज संपली, तरी ओळखीची खूण म्हणून ती संख्या टिकून राहिली. जावा भाषेच्या संकलित फाइली ‘कॅफेबेब’ या हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतील, संख्येने सुरू होतात. या पद्धतीत ए ते एफ ही अक्षरेही अंक म्हणून वापरली जात असल्याने असे शब्द जुळवता येतात. लक्षात राहावी यापलीकडे त्या निवडीत फारसा अर्थ नाही.

पीएनजी या चित्रप्रकाराची खूण मात्र एकेका बाइटने पाहण्यासारखी आहे. या फाइलीचे पहिले आठ बाइट नेहमी १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६ आणि १० हेच असतात. ८०, ७८ आणि ७१ हे पी, एन आणि जी या अक्षरांचे संकेत आहेत. त्यांच्या आधीचा १३७ हा १२७ पेक्षा मोठा असल्याने तो सात बिटांत मावत नाही. आठवा बिट गाळणाऱ्या एखाद्या जुन्या यंत्रणेतून फाइल गेली, तर १३७ चा ९ होतो आणि नुकसान पहिल्याच बाइटला उघड होते. १३ आणि १० ही जोडी काही ऑपरेटिंग सिस्टिमवर ओळ संपल्याची खूण असते, तर इतर काहींवर त्यासाठी एकटा १० पुरतो. फाइल पाठवताना तिला मजकूर समजून कोणी या खुणा परस्पर बदलल्या, तर कधी जोडीचा एकटा १० होतो आणि कधी शेवटच्या एकट्या १० ची जोडी होते. दोन्ही चुका पकडता याव्यात म्हणून दोन्ही रूपे तिथे ठेवली आहेत. मधला २६ हा जुन्या डॉस प्रणालीत फाइल संपल्याची खूण मानला जाई, त्यामुळे कोणी ही फाइल मजकूर म्हणून पडद्यावर उघडली तर निरर्थक चिन्हांचा लोंढा येण्याआधीच ती थांबे. आठ बाइटांत एकही संख्या उगाच आलेली नाही, आणि हे सारे त्या प्रकाराच्या अधिकृत तपशीलपत्रकात कारणांसह लिहून ठेवलेले आहे. खूण कशी निवडावी याचा इतका सुंदर नमुना मला दुसरा माहीत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण १९९९ च्या ‘क्वेक ३ अरेना’ या खेळाच्या कोडमध्ये सापडते. तो कोड २००५ मध्ये सर्वांसाठी अधिकृतपणे खुला झाला. त्रिमितीय दृश्यात प्रकाश कुठल्या पृष्ठभागावर किती पडतो हे काढताना एखाद्या संख्येच्या वर्गमुळाचा व्यस्त, म्हणजे १ भागिले वर्गमूळ, फार वेळा लागतो, आणि भागाकार व वर्गमूळ ही दोन्ही कामे तेव्हाच्या प्रोसेसरला वेळखाऊ होती. त्या कोडमध्ये दिलेल्या संख्येचे ३२ बिट पूर्णांक म्हणून वाचले जातात, त्या पूर्णांकाची निमपट केली जाते आणि ती ५एफ३७५९डीएफ या हेक्साडेसिमल संख्येतून, म्हणजे १,५९,७४,६३,००७ मधून वजा केली जाते. जे उरते त्याचे बिट पुन्हा अपूर्णांकी संख्या म्हणून वाचले की हवे ते उत्तर जवळपास हाती येते. शेजारच्या टिप्पणीत मात्र कारण नाही, केवळ आश्चर्याचा उद्गार आहे.

हे ४ या संख्येवर करून पाहू. तिचे बिट पूर्णांक म्हणून वाचले तर १,०८,२१,३०,४३२ येतात. त्याच्या निम्मे ५४,१०,६५,२१६ त्या संख्येतून वजा केले की १,०५,६३,९७,७९१ उरतात, आणि हे बिट अपूर्णांक म्हणून वाचल्यास सुमारे ०.४८३१ मिळतात. खरे उत्तर ०.५ आहे. यावर अंदाज सुधारत नेणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीची एकच फेरी केली की ०.४९९१५ येते. कुठलीही संख्या घेतली तरी एका फेरीनंतरची चूक ०.१८ टक्क्याच्या आतच राहते, आणि पडद्यावरच्या प्रकाशासाठी तेवढी अचूकता भरपूर झाली.

हे साधते कारण संगणक अपूर्णांकी संख्या दोनच्या घाताच्या रूपात साठवतो. त्यामुळे तिचे बिट पूर्णांक म्हणून वाचले की मिळणारी किंमत त्या संख्येच्या लॉगॅरिदमशी जवळपास सरळ प्रमाणात असते. वर्गमुळाच्या व्यस्ताचा लॉगॅरिदम हा मूळ लॉगॅरिदमच्या निम्मा आणि ऋण असतो, म्हणून निमपट करून वजा करणे एवढेच काम उरते. घात साठवताना त्यात १२७ मिळवलेले असतात. ते सावरण्यासाठी १२७ ची दीडपट गुणिले २ चा २३ वा घात, म्हणजे १,५९,८०,२९,८२४ एवढ्यातून वजाबाकी करायला हवी. कोडमधली संख्या याहून ५,६६,८१७ ने लहान आहे, आणि हा फरक म्हणजे ‘जवळपास’ या शब्दाची भरपाई होय. संख्येचा मोठा भाग अशा रीतीने कागदावर मांडता येतो, पण ही भरपाई नेमकी एवढीच का, हे कोड सांगत नाही. ख्रिस लोमोंट यांनी २००३ मध्ये त्या संख्येचा सविस्तर अभ्यास केला आणि ५एफ३७५ए८६ ही किंचित सरस संख्या शोधून काढली. एका ओळीचे कारण इतरांना असे नव्याने उभे करावे लागले.

कारण ठाऊक असणे नेहमी पुरेसे असते असेही नाही. आयबीएमच्या संगणकांवर १९६० च्या दशकात वापरल्या गेलेल्या ‘रँडू’ या यादृच्छिक संख्यांच्या जनकात गुणक म्हणून ६५५३९ निवडला होता. २ चा १६ वा घात अधिक ३ एवढी त्याची किंमत असल्याने गुणाकार झटपट उरकत असे. पण त्याच सोयीमुळे प्रत्येक संख्या, ठरलेल्या मर्यादेबाहेरचा भाग गाळल्यावर, आधीच्या संख्येची सहापट वजा त्याआधीच्या संख्येची नऊपट, एवढ्या साध्या नात्यात बांधली गेली. लागोपाठच्या तीन-तीन संख्या घेऊन अवकाशात बिंदू मांडले, तर ते सर्वत्र न पसरता केवळ १५ समांतर प्रतलांवर पडतात.

गुप्तलेखनात तर संख्येचे मूळ हा थेट विश्वासाचा प्रश्न होतो. कुठल्याही माहितीचा छोटा ठसा काढणाऱ्या एसएचए-१ या पद्धतीतील चार स्थिरांक २, ३, ५ आणि १० यांच्या वर्गमुळांवरून घेतले आहेत आणि एसएचए-२५६ मधील ६४ स्थिरांक पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांच्या अपूर्णांकी भागांतून आले आहेत. वर्गमुळांत गणिती जादू नाही. त्या संख्या कोणी आपल्या सोयीने घडवलेल्या नाहीत, हे कोणालाही पडताळता यावे एवढाच हेतू आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण संस्थेने २००६ मध्ये मान्य केलेल्या ‘ड्युअल ईसी’ या यादृच्छिक संख्यांच्या जनकात एका गणिती वक्रावरचे दोन बिंदू दिले होते, पण ते कसे निवडले याचा पडताळणीजोगा पुरावा नव्हता. डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की त्या दोन बिंदूंमधले गुप्त नाते ज्याला माहीत असेल, त्याला जनकातून बाहेर पडलेल्या थोड्याशा संख्या पाहून पुढच्या साऱ्या ओळखता येतील. ते नाते कोणाला खरोखर माहीत होते हे बाहेरून सिद्ध करता येत नाही, आणि नेमके तेच अशा संख्येचे दुखणे आहे. एनआयएसटीने २०१४ मध्ये तो जनक काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला.

गुप्तलेखनात आज मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या ‘कर्व्ह २५५१९’ या वक्राच्या समीकरणात ४८६६६२ हा गुणक आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००६ च्या आपल्या निबंधात आधी अटी मांडल्या आणि त्या पुऱ्या करणाऱ्या सर्वांत लहान तीन संख्या ३५८९९०, ४६४५८६ आणि ४८६६६२ असल्याचे दाखवले. पहिल्या दोघींच्या बाबतीत एक मूळ संख्या २ च्या २५२ व्या घाताहून किंचित लहान निघते आणि ती एखाद्याच्या गुप्त किल्लीशी जुळण्याची तात्त्विक शक्यता उरते. त्या शक्यतेची चर्चा करत बसण्यापेक्षा पुढची संख्या घेणे सोपे, असे त्यांनी लिहिले आणि तिसरी घेतली.